मिलूदची दोन पाकिटं

दुबईहून आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, तो उंच मनोरा बघितला का. बघितला. खाली उभं राहून वर बघितलं, मान दुखली, घरी आलो. त्याबद्दल मला काही सांगायचं नाही. वाचनालयाचे लोक वार्षिक अंकाला लिहा म्हणून मागे लागलेत, म्हणून लिहितोय. मी सातवीपर्यंत शिकलो, पुढे सगळा जन्म पिठाच्या गिरणीवर गेला. चुका असतील त्या सुधारा, पण मधलं काही कापू नका. मी तिथे दुबईत बसून अल्जीरिया नावाच्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक बघितली, ती सांगायची आहे.

आधी एका कागदाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझी बायको सुलोचना ज्येष्ठात गेली. त्याच्या महिनाभर आधी मतदान झालं, तेव्हा ती केंद्रावर सगळ्यांत पहिली होती. दर वेळी पहिलीच असायची. लग्नकार्याची साडी नेसून जायची आणि माझा चहा संपायच्या आत बोटाला शाई लावून परत. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला एकदाही सांगितलं नाही, मत कोणाला दिलं ते. मी खोदून विचारायचो, तोंडही सोडायचो. ती म्हणायची, "आडोसा कशाला करतात तिथं? तुम्हाला सांगायचं असतं तर तुमच्यासमोरच दाबलं असतं बटण." आणि दळण घ्यायला लागायची.

श्रावणात शाळेतल्या शिंदे बाई आल्या. मतदार याद्यांचं काम त्यांच्याकडे आहे. म्हणाल्या, "काका, काकूंचं नाव कमी करायचंय. मी सगळं भरलंय, तुम्ही फक्त सही करा." यादी त्यांच्या हातात होती. माझं नाव, लगेच खाली तिचं, आणि तिच्या नावापुढे पती म्हणून परत माझं. मी म्हटलं, "बाई, माणूस जाळून आलो, आता नाव जाळायला आलात? चालू लागा." त्या बिचाऱ्या कागद ओट्यावर ठेवून गेल्या.

संध्याकाळी दिगंबर आला. आमच्या वाडीतला पुढारी, दर निवडणुकीला केंद्राबाहेर टेबल मांडून बसणारा. तो म्हणाला, "दादा, कशाला सही करताय? काकीचं नाव आहे तिथं राहू दे. काही बिघडत नाही." एवढ्या गावात हा एकच मला शहाणा वाटला. मी त्याला चहा पाजला.

दुःखाचं वर्ष म्हणून यंदा घरात गणपती नव्हता. रिकाम्या मखराकडे बघत बसू नका म्हणून मुलाने, प्रकाशने, तिकीट पाठवलं. कागद मी पासपोर्टच्या पिशवीत टाकला. कशाला टाकला ते मलाही माहीत नाही. घरात ठेवला तर कोणी सही करील अशी भीती वाटली असेल.

डिस्कव्हरी गार्डन्स

प्रकाश राहतो त्या वस्तीचं नाव बागेचं आहे. झाडं आहेत, पण इमारती जास्त. सगळ्या सारख्या, मी दोनदा दुसऱ्याच्या दारात जाऊन घंटी वाजवली. एकदा एका फिलिपिनी बाईने मला पाणी पाजून घरी आणून सोडलं. प्रकाश आणि सूनबाई दोघं सकाळी साडेसातला ऑफिसला जातात. दिवसभर घरात मी आणि एसी. आपल्याकडे वारा बाहेर असतो आणि गरम घरात, तिथे उलटं. खिडकी उघडली की कढईवरचं झाकण काढल्यासारखं होतं.

पहिल्याच आठवड्यात प्रकाशला तो कागद सापडला.

"बाबा, हा फॉर्म घेऊन आलात? मग साइन करा ना. मी स्कॅन करून मॅडमना व्हॉट्सॲप करतो, ओरिजिनल तुम्ही जाऊन द्या. पाच मिनिटांचं काम."

"ठेव तिथं."

"लास्ट डेट असेल त्याला. बाईंचा दोनदा फोन आला मला."

"ठेव म्हटलं ना."

त्याने ठेवला. पोरगा आईवर गेलाय, जास्त बोलत नाही, पण नजरेत ठेवतो.

ऊन उतरलं की मी खाली बाकावर जाऊन बसायचो. तिथे माझ्याच वयाचा एक गोरा, उंच, पांढऱ्या मिशांचा म्हातारा यायचा. तो मान हलवायचा, मी मान हलवायचो. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी त्याने फडक्यातून भाकरीसारखं काहीतरी काढलं आणि अर्धं मोडून मला दिलं. तव्यावर भाजलेलं, जाड, पिवळसर. मी खाण्याआधी चिमटीत चुरलं. गव्हाचा रवा, पण एकसारखा नाही, मध्येच जाड कण. म्हणजे जात्याचा दगड बोथट झालाय. मी दोन तळहात एकमेकांवर घासून दाखवलं आणि नाक मुरडलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग मांडीवर थाप मारून हसला.

मागून कोणीतरी मराठीत म्हणालं, "काका, त्याच्या रोटीला नावं ठेवताय काय?"

सलीमची माझी ओळख अशी झाली. सलीम श्रीवर्धनकडचा. तीस वर्षं दुबईत गाडी चालवतोय, आमच्या इमारतीतल्या लोकांना ऑफिसला सोडतो-आणतो. मराठी, हिंदी, अरबी तिन्ही एकाच वाक्यात बोलतो. मी म्हटलं, "याला विचार, गिरणी कुठली." सलीमने विचारलं. बरंच बोलणं झालं. मग मला म्हणाला, "काका, याची अरबी वेगळीच आहे, आधी फ्रेंच मग अरबी. अर्धं कळतं मला. रवा याच्या मुलीने सुपरमार्केटमधून आणलाय. तो म्हणतो, मी हेच सांगतोय तिला, पण ती ऐकत नाही. आणि तुम्हाला खूया म्हणतोय. खूया म्हणजे भाऊ."

त्याचं नाव मिलूद. अल्जीरियात ट्रक चालवायचा. अल्जीरिया कुठे ते मला माहीत नव्हतं. रात्री सूनबाईने नकाशात दाखवलं, "हे बघा बाबा, नॉर्थ आफ्रिका. केवढा मोठा आहे बघा, आणि बराचसा डेझर्ट." मला वाटलं होतं आफ्रिकेतले सगळे काळे असतात. अडाणीपणा, दुसरं काय.

दोन दिवसांनी मिलूदने मला आणि सलीमला घरी नेलं. आतल्या खोलीत त्याची बायको झोहरा पलंगावर होती. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, वाचा गेली. उजवा हात तेवढा चालतो. डोळे मात्र अगदी हुशार. मी नमस्कार केला तर तिने हात छातीला लावला. मिलूदने तिच्या उशीशी बसून आम्हाला कॉफी दिली आणि सांगितलं, की त्यांच्या देशात निवडणूक आहे आणि परदेशातल्यांना इथेच मत देता येतं. आजारी माणसाचं मत घरच्याने आणून टाकायची त्यांच्यात सोय आहे, त्याचा कागद आधी करून ठेवायचा. तो त्याने केला होता.

मी म्हटलं, "मग चंगळ आहे. दोन मतं."

सलीमने ते सांगितल्यावर मिलूदने मान हलवली आणि एक गोष्ट सांगितली. ती मला फार आवडली. त्यांच्याकडे बटण नाही. जितके उमेदवार तितक्या फोटो छापलेल्या चिठ्ठ्या टेबलावर. प्रत्येकाने सगळ्या उचलायच्या, एक पाकीट घ्यायचं, पडद्याआड जायचं. हवी ती चिठ्ठी पाकिटात, बाकीच्या तिथल्या टोपलीत. झोहरा काय करायची, तर उरलेल्या चिठ्ठ्या टोपलीत न टाकता पर्समधून घरी आणायची आणि याच्या जेवणाच्या ताटाशेजारी मांडून ठेवायची. कोणती नाही ते यानं ओळखावं. दर वेळी याने ज्याला मत दिलं असेल त्याची चिठ्ठी तिथे हजर, म्हणजे ती विरोधात.

"दर वेळी?" मी विचारलं.

"दर वेळी," सलीम म्हणाला. "तो म्हणतोय, काल तिला मोबाइलवर तिघा उमेदवारांचे फोटो दाखवले. तिने एकावर बोट ठेवलं. याला वाटलं हात थरथरला असेल. परत दाखवले, उलटे लावून दाखवले. तिन्ही वेळा बोट त्याच्यावरच. आणि तो याचा माणूस नाही."

पलंगावरून घशातून एक आवाज आला. मिलूद म्हणाला, ती हसली.

मी घरी येऊन विचार करत बसलो. आमच्याकडे असल्या चिठ्ठ्या असत्या तर मलाही कळलं असतं. मग वाटलं, नसतं कळलं. आमची बाई उरलेल्या चिठ्ठ्या चुलीत घालून आली असती.

कचेरीच्या दारात

गणपतीला तीन-चार दिवस राहिले होते. सकाळी सलीमने गाडी काढली. "यल्ला, मतदारांनो, बसा." मिलूदने इस्त्रीचा कोट घातला होता. तसल्या उकाड्यात कोट. मी विचारलं तर म्हणाला, झोहराने कपाटाकडे बोट दाखवलं, मग काय करणार.

त्यांच्या देशाची कचेरी एका बंगल्यात होती. दारावर झेंडा. मला वाटलं होतं बाहेर टेबलं असतील, पोरं धावत येतील, हाताला धरून "काका, आपलं लक्षात आहे ना" म्हणतील. काही नाही. बायाबापड्या पोरंबाळं घेऊन आलेल्या, एकमेकांच्या गालाला गाल लावत होत्या. रास अल खैमाहून एक कुटुंब आलं होतं, दीड तास गाडी हाकत. एक बाई डब्यातून बदामाची मिठाई वाटत होती, मलाही दिली. मी मतदार नाही म्हटलं, तर म्हणाली, तोंड तर आहे. सलीमने तसंच भाषांतर केलं.

गाडीतल्या गारव्यातून बाहेर आलो आणि मिलूदच्या चष्म्यावर वाफ धरली. तिथे असं रोज होतं. त्याला काही दिसेना. मी चष्मा घेतला, धोतराच्या सोग्याने पुसायला लागलो. तेवढ्यात आतून त्याला बोलावलं, म्हाताऱ्यांना रांगेशिवाय सोडत होते, आणि तो तसाच आत गेला. चष्मा माझ्या हातात.

दारावरच्या पहारेकऱ्याने माझा पासपोर्ट मागितला, बघितला आणि हसला. "इंडियन? इलेक्शन?" सलीम म्हणाला, हा त्याचा भाऊ आहे. पहारेकऱ्याने आम्हा दोघांकडे बघितलं, आत गेलेल्या गोऱ्या उंच माणसाकडे बघितलं, आणि आम्हाला दाराशेजारच्या दोन खुर्च्या दाखवल्या. दार काचेचं, उघडं ठेवलेलं. आतलं सगळं दिसत होतं, बोलणंही ऐकू येत होतं. सलीम माझ्या कानाशी लागला.

टेबलावर चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे. मागे एक तरुण बाई, तिच्यापुढे रजिस्टर. दोन पडदे, मध्ये पारदर्शक पेटी. बाईने मिलूदचे कागद बघितले. पाय दुखत असतील, दोन खेपा नकोत, म्हणून तिने चांगुलपणाने दोन्ही पाकिटं आणि चिठ्ठ्यांचे दोन संच एकदमच त्याच्या हातात दिले. तो पडद्याआड गेला. बराच वेळ लागला. मग बाहेर आला, दोन हातांत दोन पाकिटं. पेटीपर्यंत गेला आणि थांबला. उजव्या हाताकडे बघितलं, डाव्या हाताकडे बघितलं. तोंड उतरलं.

"काय झालं?" मी विचारलं.

सलीम ऐकत होता. "त्याला कळत नाहीये, तिचं पाकीट कुठलं ते."

बाई हसून म्हणाली, "हाजी, पेटी एकच आहे. दोन्ही टाका. शेवटी मोजणी तीच होणार."

खरंच होतं ते. मला पण वाटलं, टाक की लेका. एक इकडे पडलं काय, एक तिकडे पडलं काय, आत गेल्यावर कोण ओळखणार.

मिलूद म्हणाला, "मोजणी तुमची. पण तू तिचं नाव पुकारशील तेव्हा तिचंच पडलं पाहिजे."

मागे रांग थांबली होती. एक कोटवाला म्हणाला, "चाचा, दोन्ही तुमचीच तर आहेत. घरचाच मामला."

मिलूद वळला. आवाज चढवला नाही. "एक माझं आहे. दुसरं तिचं आहे. तिचं मी नुसतं उचलून आणलंय."

बाईने आत जाऊन कोणा वरिष्ठाला विचारलं. तो बाहेर आला, मिलूदकडे बघितलं आणि म्हणाला, परत पडद्याआड जा, बघून या, कितीही वेळ लागू दे. मिलूदने कोटाचे खिसे चाचपले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चष्म्याशिवाय त्याला सगळे चेहरे सारखेच. मी चष्मा धरून उठलो आणि सरळ आत निघालो. पहारेकऱ्याने माझ्या छातीवर हात ठेवला, "हबीबी, खलास, खलास." मग त्या बाईनेच येऊन चष्मा घेतला. धोतराच्या रेघा त्यावर तशाच होत्या.

या वेळी मिलूद लवकर बाहेर आला. एक पाकीट हातात, एक कोटाच्या आतल्या खिशात. बाईने त्याचं नाव पुकारलं. हातातलं पडलं, त्याने शाईत बोट बुडवून रजिस्टरवर टेकवलं. मग तिने झोहराचं नाव पुकारलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. मिलूदने कोटाची गुंडी काढली, पाकीट काढलं, नीट सरळ धरलं आणि सोडलं.

मी तिथे बसून ते बघितलं. मला काय दिसलं, तर एका बाईचं नाव पुकारलं आणि दुसऱ्याचाच हात पुढे आला. हात मिलूदचा होता म्हणून बरं. दिगंबरचं बोलणं आठवलं. नाव आहे तिथं राहू दे, काही बिघडत नाही. का बिघडत नाही? त्याला माझ्या बायकोच्या नावाचा एवढा पुळका कशाला? आमच्या वाडीत मेलेली माणसं मत देऊन जातात हे मी गिरणीवर शंभरदा ऐकलंय. हसलोही आहे. यादीतल्या माझ्या नावाखालच्या ओळीला ते लागू होईल हे डोक्यात आलं नव्हतं. जिने मला, तिच्या नवऱ्याला, कधी सांगितलं नाही, तिच्या नावाने कोणीतरी ऐरागैरा बटण दाबून आला असता. आणि मी त्याला चहा पाजला होता.

करामा

परतीला सलीमने गाडी करामाला घेतली. बुटक्या जुन्या इमारती, खाली दुकानं, मराठी-मल्याळी-गुजराती सगळे एकमेकांच्या अंगावरून जाणारे. तिथे पहिल्यांदा मला दुबईत घाम आलेला माणूस दिसला आणि बरं वाटलं. एका खानावळीत मिसळ खाल्ली. बारा दिरहम. सलीम म्हणाला, "पावणेतीनशे रुपये झाले काका, हळूहळू चावा." मिलूदने कट चाखला, परत वाटीभर मागितला. त्यांच्याकडे मिरचीची लाल चटणी रोजची, त्याला आपलं तिखट म्हणजे काहीच नाही. मला मात्र ठसका लागला.

ठसका थांबल्यावर मी पिशवीतून तो कागद काढला. सलीमला सगळं सांगितलं, शिंदे बाई, दिगंबर, सगळं. त्याने मिलूदला सांगितलं. सलीमला बराच वेळ लागला, दोनदा अडला. मिलूदने कागद हातात घेतला. त्याला एक अक्षर कळत नव्हतं.

"तो विचारतोय, तिचं नाव कुठे आहे यात."

मी बोट ठेवलं. सुलोचना दत्ताराम. त्याखाली शिंदे बाईंच्या वळणदार अक्षरात, कारण, मयत.

मिलूदने ताटं बाजूला सारली. टेबलावर कट सांडला होता, तो त्याने आपल्या इस्त्रीच्या कोटाच्या बाहीने पुसला. दोनदा पुसला. मग कागद तिथे ठेवला.

सलीमने पेन दिलं. मी सही केली. सातवीतली सही आहे माझी, वेळ लागतो. मग मिलूद म्हणाला, "खूया, कॉफी." आणि त्या खानावळीत कॉफी नव्हती, म्हणून चहाच घेतला.

संध्याकाळी प्रकाश आल्यावर कागद त्याच्या पुढ्यात ठेवला. "काढ फोटो. बाईंना पाठव."

त्याने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं. "बाबा, आर यू शुअर?"

"त्यांना लिही, ही सही बघून कोणी दुसरा आला नाव राखायला, तर त्याला माझ्याकडे पाठवा."

त्याने लिहिलं. मग कितीतरी वेळ फोन हातात धरून तसाच बसला होता. आईचा फोटो त्या फॉर्मवर नव्हता, पण तो बघत होता.

परत गावी

निघायच्या दिवशी मिलूद खाली आला होता. मला त्याने दोन किलो रवा दिला, चांगल्या दळणाचा, मुलीला ओरडून मागवलेला. मी त्याच्या घरी जाऊन झोहराला नमस्कार केला. तिने मिलूदकडे बोट केलं, मग तोंड वेडावून दाखवलं. उजवा हात चालतोय तोवर त्या माणसाची सुटका नाही.

त्यांच्या निवडणुकीत कोण आलं ते सलीमने फोनवर सांगितलं. मिलूदचा आला की झोहराचा, ते मी विचारलं नाही.

गावी आल्यावर मूळ कागद शिंदे बाईंच्या हातात दिला. दिवाळीनंतर आमच्याकडे परत मतदान झालं. मी सकाळी गिरणीला कुलूप लावलं आणि चहा न घेताच निघालो. केंद्र उघडायच्या आधी पोचलो, पहिला. बाहेर दिगंबर टेबल मांडत होता. यादीवरून बोट फिरवून म्हणाला, "दादा, तुमच्या खाली काकीचं नाव दिसत नाही."

"ती मेली, दिगंबर. तू होतास की स्मशानात."

त्याने यादी मिटली.

आत माझ्या नावाखाली आता शेजारच्या सावंतांच्या घरातलं नाव आहे. मी बटण दाबलं, शाई लावून घरी आलो, आणि चहा ठेवला. सुलोचनाने एवढ्या वर्षांत कोणाला मतं दिली, ते मला अजून माहीत नाही. दिगंबरलाही माहीत नाही. आता कोणालाच कळायचं नाही.